नगर जिल्ह्यातल्या जुन्या वास्तू बघायच्यात? आधी पाणी कुठून यायचं ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नोकरीच्या बदलीनं नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर) आलात, शिर्डी आणि शनिशिंगणापूर करून झालं, घरात दोन शाळकरी मुलं आहेत, गाडी आहे, रविवार मोकळे आहेत, तर जिल्ह्यातल्या ऐतिहासिक जागा कुठून सुरू करायच्या आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन बघायचं काय, कारण दोन ठिकाणी गेलात तर पडक्या भिंती दिसल्या आणि मुलं अर्ध्या तासात "चला ना घरी" करायला लागली. मी बरीच वर्षं या जिल्ह्यात शाळेच्या मुलांना, कॉलेजच्या ग्रुपना आणि हौशी मंडळींना घेऊन फिरतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे "टॉप टेन ठिकाणं" छापाची यादी घेऊन हा जिल्हा बघता येत नाही. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके, आणि एका टोकाला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा धो धो पाऊस तर दुसऱ्या टोकाला जामखेड, कर्जत, पाथर्डीकडं पाऊस येतो की नाही याची दरवर्षी काळजी. माझं सरळ म्हणणं आहे की या जिल्ह्यात कुठल्याही जुन्या वास्तूपाशी उभं राहिलात की पहिला प्रश्न एकच विचारायचा, इथे पाणी कुठून यायचं? राजा कोण, साल काय, लढाई कुठली, हे सगळं नंतर. कारण इथे महाल बांधला, किल्ला बांधला, देऊळ बांधलं, ज्याने जे बांधलं त्याने आधी पाण्याची सोय लावली, आणि ती सोय बघितली की पडकी भिंतसुद्धा कळायला लागते. मुलांना तर हा प्रश्न लगेच आवडतो, त्यांना शोधायला काहीतरी मिळतं.

सुरुवात शहरापासून करा, लांब जाऊ नका. मलिक अहमदनं १४९० मध्ये बहमनी सैन्याचा पराभव केला आणि निजामशाही उभी राहिली, त्याच जागेजवळ सीना नदीकाठी हे शहर वसलं. आता सीना नदी तुम्ही रोज पुलावरून बघत असाल, तिच्या भरवशावर राजधानी चालवणं शक्य नव्हतं. म्हणून निजामशाहीत आजूबाजूच्या उंचवट्यांवरून, कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा बाजूंनी जमिनीखालून खापरी नळ टाकून पाणी शहरात आणलं. भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक बसवलेले, सांधे चुन्यानं पक्के केलेले, आणि मधेमधे हवेसाठी आणि साफसफाईसाठी दगड-चुन्याचे उच्छ्वास. पाणी फक्त उताराच्या जोरावर चालायचं. आजही कुठे पाया खणताना किंवा रस्त्याच्या कामात या नळांचे तुकडे वर येतात, आणि वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा ते डबरासोबत टाकून दिले जातात. तुम्हाला असा तुकडा कुणाच्या अंगणात दिसला तर हातात घेऊन बघा, आतल्या बाजूला चुनखडीचा पांढरट थर बसलेला असतो, किती वर्षं पाणी वाहिलं असेल त्याचा तो पुरावाच. मुलांच्या हातात द्या, वजन कळू द्या.

मग फराहबाग. सोलापूर रोडच्या बाजूला, आणि माझ्या मते अख्ख्या शहरातली सगळ्यात जास्त बघण्यासारखी आणि सगळ्यात कमी बघितली जाणारी जागा. मुर्तझा निजामशहाच्या काळात १५८३ च्या सुमारास हा महाल पुरा झाला, आणि त्याआधी एकदा बांधलेला महाल शहाला पसंत पडला नाही म्हणून पाडून परत बांधला असं सांगितलं जातं. अष्टकोनी इमारत, मधे उंच घुमटाचा दिवाणखाना, चारी बाजूंनी मोठाल्या कमानी. पण थांबा, लगेच आत जाऊ नका. आधी बाहेर उभं राहून जमिनीकडं बघा. महालाभोवती सगळीकडून जमीन खोल गेलेली दिसेल, तो तलाव होता. महाल पाण्याच्या मधोमध उभा होता आणि पाणी लांबून नळानं आणून यात सोडलेलं. आता एकदा डोळ्यासमोर आणा, एप्रिलचा महिना, नगरची भाजून काढणारी दुपार, पाण्यावरून येणारा वारा त्या उंच कमानींतून आत शिरतोय आणि घुमटातून गरम हवा वरच्या वर निघून जातेय. इमारत इतकी उंच का, कमानी समोरासमोर का, याचं उत्तर तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. आत गेलात की भिंतींवर गिलाव्याचं काम बघा, काही ठिकाणी चुन्यातली नक्षी अजून शाबूत आहे, मोबाईलचा टॉर्च भिंतीला लागून तिरका धरला तर उठाव दिसतो, समोरून मारला तर काहीच दिसत नाही. ही टॉर्चची युक्ती शिलालेखांनाही चालते, लक्षात ठेवा. याच मुर्तझाला १५८८ मध्ये त्याच्या मुलानं, मीरान हुसेननं मारलं, ही गोष्ट मुलं मोठी असतील तर सांगा.

भिंतींवर नावं कोरलेली दिसतील, बदाम दिसतील, खडूनं फोन नंबर लिहिलेले दिसतील. मला अजूनही तिथे गेलं की पोटात तुटतं. साडेचारशे वर्षं जो गिलावा उन्हापावसात टिकला तो एका किल्लीच्या टोकानं पाच मिनिटांत जातो आणि परत कधीच येत नाही. मुलांना हे तिथेच, त्या भिंतीपुढे उभं करून सांगा, घरी सांगून उपयोग नाही.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आत सोडतात पण ओळखपत्र जवळ पाहिजे आणि काही भाग बंद असतो, त्यांनी सांगितलं की तिथेच थांबायचं, वाद घालायचा नाही. आधी मातीचा होता, हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ या काळात दगडात बांधून घेतला. जवळपास गोल आकार, घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, भोवती रुंद खोल खंदक. लोक आत घाईघाईनं जातात ते थेट नेत्यांच्या खोल्यांकडं, तिथे १९४२ ते १९४५ काँग्रेस कार्यकारिणीचे नेते कैदेत होते, नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, आणि नेहरूंनी भारताच्या इतिहासावरचं आपलं गाजलेलं पुस्तक इथेच लिहिलं. ते बघाच, पण त्याआधी बाहेरून खंदकाच्या कडेनं जेवढं चालता येईल तेवढं चाला. सपाट मैदानावरचा किल्ला, ना डोंगर ना कडा, मग याचा बचाव कशानं? खंदकानं आणि या जाड गोल तटानं. १५९५ च्या शेवटी अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, एक भाग उडवला, आणि चांदबिबीनं रातोरात ते खिंडार बुजवून घेतलं. हे वाचायला सोपं वाटतं, खंदकाच्या कडेला उभं राहून तटाची उंची बघितल्यावर ते काम काय असेल ते कळतं. पुढं १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला मोगलांकडं गेला. मग १८०३ च्या ऑगस्टमध्ये शिंद्यांकडून हा किल्ला वेलस्लीनं घेतला, तोच वेलस्ली जो पुढं वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, १५६७ ची, आकारानं लहान पण दगडावरचं कोरीवकाम इतकं नाजूक की दहा मिनिटं म्हणून गेलेला माणूस तासभर रमतो. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी जमवून बांधली अशी गोष्ट इथे सांगतात. आता अशा गोष्टींचं काय करायचं हे आधीच बोलतो, कारण पुढं प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न येणार. माझी पद्धत अशी, की गावात सांगितलेली गोष्ट पूर्ण ऐकायची, मधे तोंड घालून खोडायची नाही, पण मनात वेगळ्या कप्प्यात ठेवायची. शिलालेख एका कप्प्यात, कागदपत्रं दुसऱ्या, आणि लोक काय म्हणतात ते तिसऱ्या. तिन्ही महत्त्वाचे आहेत, फक्त मिसळायचे नाहीत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे चांदबिबी महाल. पाथर्डी रोडला लागलात की डोंगरावर जी एकटी अष्टकोनी तीन मजली इमारत लांबून दिसते ती. सगळं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं, पण ती आहे सलाबतखानाची कबर. हा सलाबतखान मुर्तझा निजामशहाचा वजीर, आणि नगरच्या पाण्याच्या कामांत त्याचं नाव सारखं येतं. सकाळी लवकर जा, वरच्या मजल्यावरून चौफेर मुलूख दिसतो, पावसाळा संपता संपता गेलात तर हिरवा, मार्चनंतर गेलात तर सगळा करपलेला, आणि दोन्ही बघण्यासारखं. कबर खाली तळघरात आहे, तिथे शांतपणे जाऊन यायचं.

तिथून लांब नाही असं भातोडी. इथे बघायला मोठी वास्तू नाही, म्हणून कुणी जात नाही, पण मला विचाराल तर महालावरून उतरून थेट इथे यायचं. मेहेकरी नदीवर भातोडीचा तलाव आहे, तो मूळ सलाबतखानानंच बांधल्याचं ब्रिटिश काळातलं गॅझेटियर सांगतं. आणि १६२४ मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना मिळून इथे पाणी पाजलं ते याच पाण्याच्या जोरावर, तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती असा चिखल करून ठेवला की त्यांना हालता येईना. शहाजीराजे या लढाईत निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजीराजे इथेच पडले. गावात त्यांची समाधी दाखवतात. एका वजिरानं शेतीसाठी, लोकांसाठी अडवलेलं पाणी पुढच्या काळात दुसऱ्या वजिरानं हत्यार म्हणून वापरलं, आणि हे सगळं एका रविवारच्या सकाळच्या फेरीत तुम्हाला डोंगरावरून आणि बांधावरून बघता येतं.

आता शहर सोडून बाहेर पडायचं तर माझा आवडता मार्ग एकच, प्रवरा नदी. उगमापासून संगमापर्यंत. एका दिवसात होत नाही, दोन-तीन तुकड्यांत करा, पण क्रम मोडू नका.

वरच्या टोकाला रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, नगरपासून दीडशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे भंडारदऱ्याला मुक्काम धरून जा. शिलाहार काळातलं, हजार वर्षांच्या आसपासचं. खांब, छत, शिखर सगळं कोरलेलं, काळ्या दगडावर पावसाचं शेवाळ. लोक मंदिराचा फोटो काढतात आणि निघतात, शेजारची पुष्करणी मात्र वीसातले दोघं बघतात. पायऱ्या उतरून पाण्याजवळ जा आणि भिंतीतल्या कोनाड्यांमधल्या मूर्ती एकेक करून बघा. खाली भंडारदऱ्याचं धरण लागतं, विल्सन डॅम, १९२६ मध्ये पुरं झालं, शंभर वर्षं होत आली म्हणजे तेही आता ऐतिहासिक वास्तूच म्हणा. खाली अकोल्यात सिद्धेश्वराचं जुनं मंदिर आणि वाकडी वाट करून टाहाकारीचं देवीचं मंदिर, तीन गाभाऱ्यांचं, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं फार सुंदर. टाहाकारी प्रवरेवर नाही, आढळा नदीवर आहे, पण आढळाही शेवटी प्रवरेलाच मिळते, म्हणून चालवून घ्या.

संगमनेरजवळ जोर्वे गाव. बघायला काही नाही असं गावातले लोकच सांगतील. पण १९५०-५१ मध्ये इथे उत्खनन झालं आणि दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगातल्या अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं, जगभरातले पुरातत्त्वाचे विद्यार्थी "जोर्वे संस्कृती" म्हणून परीक्षेत लिहितात. नुसतं नदीकाठी उभं राहून मुलांना हे सांगितलं तरी पुरे. तसंच पुढं श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. १९७४ मध्ये तिथे एका माणसाला झाडाच्या मुळाशी खणताना कांस्याची चार शिल्पं सापडली, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांनी ओढलेला रथ, रथात उभा सारथी. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. ती आता गावात नाहीत, दिल्ली-मुंबईच्या म्युझियममध्ये आहेत, म्हणून आधी मुलांना फोटो दाखवा आणि मग ते माळरान दाखवा. पुढं १९७६ ते १९७९ मोठं उत्खनन झालं आणि इसवीसनापूर्वी दोन हजारच्याही आधीपासून माणसं याच प्रवरेच्या काठी घरं करून राहत होती हे कळलं. गेंडा बघून मुलं हमखास विचारतात की आपल्याकडं गेंडे होते का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तसाच राहू द्या, उत्तर त्यांनाच शोधायला लावा.

आणि मग नेवासा. पैस खांबाबद्दल मी काही सांगायला नको, शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी याला टेकून गीतेवरची टीका सांगितली ही आपली श्रद्धा, वारकरी माणूस तिथे उभा राहिला की त्याचे डोळे भरून येतात, मी अनेकदा बघितलंय. पण तुम्ही एक काम करा, दर्शन झालं की खांबावरचा शिलालेख बघा. तो ज्ञानेश्वरांच्याही आधीचा आहे, करवीरेश्वराच्या देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. म्हणजे तो खांब एका देवळाचा भाग होता, त्या देवळात दिवा जळायचा, त्याच्या तेलाची कुणीतरी तरतूद केली होती आणि ती दगडावर लिहून ठेवली होती. मला तिथे प्रत्येक वेळी त्या तेलाचाच विचार येतो. गावात मोहिनीराजाचं मंदिर जरूर बघा, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी १७७३ च्या सुमारास बांधलेलं, मंडपाचं काम डोळ्याचं पारणं फेडतं. आणि तिथून थोडं पुढं टोक्याला, प्रवरासंगमावर, पेशवेकालीन सिद्धेश्वर. प्रवरा इथे गोदावरीला मिळते. घाटावर बसून डबा खा, पण कचरा परत घरी न्या.

हरिश्चंद्रगड मुद्दाम या मार्गात घातला नाही कारण तो स्वतंत्र ट्रेक आहे आणि लहान मुलं घेऊन पावसाळ्यात अजिबात जायचं नाही. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढं बर्फासारखं थंड पाणी, मधे भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांनी या गडावर तप केलं आणि तत्त्वसार रचलं, १३१२ मध्ये, आणि त्यांची समाधी आहे खाली गोदावरीकाठी पुणतांब्याला. दोन्ही बघा, मधे वर्ष गेलं तरी चालेल.

आता पेडगाव, श्रीगोंदा तालुका, भीमेच्या काठी. याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे कारण ही जागा मला फार जवळची आहे. मोगल सुभेदार बहादूरखानाचा हा तळ, म्हणून बहादूरगड, आता धर्मवीरगड म्हणतात, कारण १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे इथे आणलं. पुढं तुळापूरला काय झालं ते सांगायला नको. किल्ल्यात शिरलात की आवाज आपोआप कमी होतो, निदान व्हायला पाहिजे. लोक मुख्यतः त्या जागेचं दर्शन घेऊन परततात. पण किल्ल्याच्या आत यादवकाळातलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे, म्हणजे मोगल यायच्या चारएकशे वर्षं आधीचं, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर जवळ जाऊन एकेक मूर्ती बघा. उजवीकडून प्रदक्षिणा घालत हळूहळू चला आणि प्रत्येक मूर्तीच्या हातात काय आहे एवढंच मुलांना शोधायला सांगा, शंख, चक्र, आरसा, वाद्य. मुलं अर्धा तास विसरतात, मी शब्द देतो.

आणि मग नदीच्या बाजूला जा, हत्ती मोट बघा. विहिरीवरची बैलांची मोट तुमच्या आजोबांनी चालवली असेल, तशीच ही, फक्त बैलांच्या जागी हत्ती. भीमेचं पात्र खोल आणि किल्ला वर, तर एवढं पाणी चढवायचं कसं? काठावर उंच दगडी बांधकाम केलं, वरून मोटा सोडल्या, हत्तींनी ओढल्या, पाणी वर आलं की पन्हळीतून आणि नळांतून किल्ल्यात. वरून खाली डोकावून बघा, पण मुलांचा हात घट्ट धरून, कठडे नाहीत आणि दगड निसटलेले आहेत. दगडांवर दोर घासल्याच्या खुणा शोधा. पेडगावचा मोगल तळ म्हणजे हजारो माणसं, घोडी, उंट, आणि सगळ्यांना रोज पाणी. इतिहासाच्या पुस्तकात "मोगलांची छावणी" असे दोनच शब्द येतात, त्या दोन शब्दांमागं रोजचं काय लचांड असेल ते इथे दिसतं.

जामखेड तालुक्यातलं खर्डा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतं. चौकोनी भुईकोट किल्ला, निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला. ११ मार्च १७९५ ला मराठ्यांची आणि हैदराबादच्या निजामाची लढाई झाली, सगळे मोठे मराठा सरदार एका झेंड्याखाली लढल्याची ही शेवटची मोठी लढाई, निजामानं या किल्ल्यात आसरा घेतला आणि वेढ्यात त्याच्या फौजेचे पाण्यावाचून हाल झाले, दोन-तीन दिवसांत तहाची भाषा सुरू झाली. मार्चमध्ये जामखेडला कधी गेलात तर दुपारी बाराला किल्ल्यात उभं राहा, तह इतक्या लवकर का झाला ते कळेल. गावातली निंबाळकरांची गढीही बघा. त्याच तालुक्यात चौंडी, अहिल्याबाईंचं जन्मगाव, ३१ मे १७२५. ज्या बाईनं देशभर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या ती या कोरड्या मुलखात जन्मली आणि वाढली, तिला पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागली नसणार.

पारनेर तालुका अर्ध्या दिवसाचा. टाकळी ढोकेश्वरची लेणी, सहाव्या शतकाच्या आसपासची, कल्याण रोडला लागून, दारापाशी गंगा-यमुना आणि आत सप्तमातृका. तिथून पळशी, होळकरांच्या दिवाणांचं तटबंदीचं गाव, वाडा आणि विठ्ठलाचं देऊळ. वाडा खासगी असतो तिथे आधी विचारून, चप्पल बाहेर काढून जायचं, घरच्यांनी चहा दिला तर नाही म्हणायचं नाही. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, वेळ उरला तर.

देवळाच्या आवारात, झाडाखाली, गावकुसाबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, शोधायची सवय लावा. खालच्या चौकटीत मेलेला वीर, मधे लढाई, वर अप्सरा त्याला नेताहेत, सगळ्यात वर शिवपूजा. खालून वर वाचायचा दगड. एकदा मुलांना वाचता आला की ती प्रत्येक गावात तुमच्याआधी शोधतात. खूपदा या दगडांना ऑइलपेंट फासलेला असतो, शेंदराचे थर असतात, गावकऱ्यांच्या श्रद्धेचा भाग आहे तर रागावून उपयोग नाही, पण जिथे गावात ओळख होते तिथे मी शांतपणे सांगतो की रंगामुळे नक्षी बुजते, आणि काही गावांनी ऐकलंय. मूर्तीवर पाणी ओतून फोटो काढू नका, पावडर किंवा खडू फासून शिलालेख वाचू नका, त्या तिरक्या टॉर्चनं काम होतं.

घरी वाचायला १८८४ चं बॉम्बे गॅझेटियर, अहमदनगरचा खंड, ऑनलाइन फुकट मिळतो. इंग्रजी जुनाट आहे आणि लिहिणारे राज्यकर्ते होते हे विसरायचं नाही, पण कुठल्या गावात काय होतं याची नोंद एवढी दुसरीकडं नाही. जाण्याआधी त्या गावापुरतं पान वाचा आणि १८८४ ला जे होतं त्यातलं आज काय उरलंय ते तिथे जाऊन टिपा. मुलाकडं वही द्या, त्याला नकाशा काढू दे, पाणी कुठून आलं, कुठे साठलं, कुठे गेलं, बाण काढून.

पहिल्या रविवारी ओळखपत्रं घेऊन सकाळी आठला निघा, आधी फराहबाग, मग दमडी मशीद, मग किल्ला, ऊन चढायच्या आत परत. दुसऱ्या रविवारी सलाबतखानाची कबर आणि भातोडी. पेडगाव डिसेंबर-जानेवारीत, कारण भीमेकाठी सावली कमी आहे. रतनवाडी पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये, रस्ते तोवर कोरडे होतात आणि पुष्करणी भरलेली असते. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून घ्या, खर्ड्याकडं जाताना तर दोन जास्तीच्या.